आधी सांगा, रडार कुठे बसणार?

तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये ते ॲप असेल. नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकत असतात. एखाद्यावर बोट ठेवलं की ते कुठून निघालं, कुठे चाललंय, किती फुटांवर आहे, सगळं समोर येतं. दिल्लीहून येणाऱ्या मित्राला घ्यायला लोहगावला निघायचं असेल, तर आपण आधी त्याचं विमान कुठवर आलंय ते बघतो आणि मगच गाडीला किक मारतो.

ॲपचं नाव 'फ्लाइटरडार'. गंमत म्हणजे त्यात दिसणारी बहुतेक विमानं रडारने शोधलेली नसतातच. विमान स्वतःच जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि 'मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे' असं रेडिओवर सारखं सांगत राहतं. जगभर घराच्या गच्चीवर छोटा अँटेना लावून बसलेली हौशी मंडळी ते ऐकतात आणि ॲपला पुरवतात. याला म्हणतात एडीएस-बी. मग खरं रडार काय करतं? आणि पुण्यात शिकणाऱ्या, विमानात वर्षातून एखाद्या वेळी बसणाऱ्या तुम्ही-आम्ही त्याची काळजी का करायची?

काळजी करायची, कारण पुण्याला नवा विमानतळ हवा आहे आणि पुरंदर तालुक्यातल्या त्या विमानतळाची चर्चा २०१६ पासून चालू आहे. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी ही सात गावं त्यात आहेत. जमीन, मोबदला, टर्मिनल, रिंगरोड, कोणाचं नाव द्यायचं या सगळ्यावर आपण भांडलो. रडार कुठे बसणार, त्याच्यासाठी कोणती टेकडी लागणार आणि त्याच्याभोवती किती उंच बांधता येणार, हा प्रश्न मात्र चौकातल्या चर्चेत कधी आलाच नाही. माझं म्हणणं साधं आहे. विमानतळाच्या जमिनीचा नकाशा लोकांसमोर येतो, त्याच दिवशी रडारचा नकाशाही यायला हवा. नंतर नाही.

ओरडणारा आणि विचारणारा

विमानतळावर फिरताना दिसणारा मोठा वाकलेला अँटेना आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली आडवी पट्टी, ही एकाच खांबावरची दोन वेगळी रडार असतात.

खालचं प्राथमिक रडार. ते रेडिओलहरींचा झोत सोडतं आणि विमानाच्या पत्र्यावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. डोंगरात हाक मारल्यासारखं. विमानाने काही सांगायची गरज नाही, ते फक्त तिथे असलं की पुरे. पण लहर जाताना पसरते आणि येतानाही पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळापट क्षीण होतो. म्हणून विमानतळावरचं प्राथमिक रडार साधारण ११० किलोमीटरपर्यंत बघतं. शिवाय त्याला विमानाची दिशा आणि अंतर कळतं, उंची कळत नाही.

वरची पट्टी म्हणजे दुय्यम रडार. ते १०३० मेगाहर्ट्‌झवर प्रश्न विचारतं: तू कोण, किती उंचीवर? विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. उत्तरात चार आकड्यांचा कोड असतो. प्रत्येक आकडा शून्य ते सात, म्हणजे एकूण ४०९६ कोड. अपहरण झालं तर ७५००, रेडिओ बंद पडला तर ७६००, दुसरी कुठली आणीबाणी आली तर ७७००. उत्तर नव्या ताकदीने येत असल्यामुळे दुय्यम रडार ४०० किलोमीटरच्याही पलीकडचं ऐकू शकतं.

अँटेना मिनिटाला बारा-पंधरा फेऱ्या मारतो. म्हणजे नियंत्रकाच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका दर चार-पाच सेकंदांनी ताजा होतो. हा ठिपका नसेल तर नियंत्रकाला वैमानिकाच्या तोंडी माहितीवर आणि घड्याळावर काम करावं लागतं. मग एकाच उंचीवर एकामागे एक जाणाऱ्या दोन विमानांत दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवावं लागू शकतं. ताशी ८०० किलोमीटर वेगाने दहा मिनिटं म्हणजे १३० किलोमीटरहून जास्त. रडार असेल तर हेच अंतर नऊ किलोमीटरपर्यंत, विमानतळाजवळ काही वेळा त्याहूनही कमी आणता येतं. 'पुण्याला आणखी फ्लाइट्स द्या' ही मागणी करताना आपण टर्मिनलच्या दारांची संख्या मोजतो. पण आकाशात जागा करून देण्यात या ठिपक्याचाही मोठा वाटा असतो.

उंची न दिसलेला पडदा

ठिपक्याबरोबर उंची दिसत नसेल तर काय होऊ शकतं, ते देशाने १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी पाहिलं. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो जेट वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीकडे खाली येत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना मार्ग एकच होता. जंबोला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, इल्युशिनला १५ हजारांवर. समोरून विमान येतंय, याची सूचनाही इल्युशिनला दिलेली होती. तरी ते ठरलेल्या उंचीच्या खाली आलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं धडकली. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण गेले.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक विमानाच्या खाली येण्यावर ठेवला गेला. तो बरोबरच आहे. पण नियंत्रकाच्या बाजूने विचार करा. त्याच्याकडे तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. त्याच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे येत होते, पण ते एकाच उंचीवर आलेत हे त्याला दिसायला वाव नव्हता. दिल्लीच्या यंत्रणेचं आधुनिकीकरण हाती घेतलेलं होतं, दुय्यम रडार वापरात यायचं होतं. ते त्या संध्याकाळी चालू नव्हतं. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि मोठ्या विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

मला या घटनेत सगळ्यात जास्त टोचतो तो 'वापरात यायचं होतं' हा भाग. मंजूर झालेलं, मागवलेलं, अर्धवट बसवलेलं रडार एकाही विमानाला वाचवत नाही. आणि कामं अर्धवट अवस्थेत किती रेंगाळतात, हे पुणेकरांना कोणी सांगायला नको. लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन १० मार्च २०२४ ला झालं आणि प्रवासी आत गेले ते १४ जुलैला. चार महिने नवी कोरी इमारत नुसती उभी होती. टर्मिनल उशिरा उघडलं तर आपण जुन्या टर्मिनलमध्ये दाटीवाटीने बसतो. रडार उशिरा चालू झालं तर ती दाटी आकाशात होते.

लोहगावने काय शिकवलं

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी तो बांधला तेव्हा तो शहराबाहेर होता. आज त्याला विमाननगर, धानोरी, खराडी यांनी वेढलंय. धावपट्टी हवाई दलाची, हवाई नियंत्रण हवाई दलाचं, आपण नागरी प्रवासी तिथले पाहुणे. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद राहिला, तेव्हा अख्ख्या शहराची विमानसेवा थांबली होती. आणि प्रवासी किती? २०२४-२५ या एका वर्षात एक कोटीहून जास्त.

शहर आधी वाढलं आणि बंधनं नंतर आठवली, की काय होतं ते या परिसरात राहणाऱ्या कोणालाही विचारा. सोसायटीचा पुनर्विकास करायचा तर उंचीसाठी हवाई दलाची एनओसी. मुंबईत दहिसर आणि जुहू इथल्या विमानतळ प्राधिकरणाच्या रेडिओकेंद्रांमुळे आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आली. जुन्या इमारतींतले रहिवासी वर्षानुवर्षं ही केंद्रं हलवा म्हणून मागे लागलेत. तिथे केंद्राचीही चूक नाही आणि रहिवाशांचीही नाही. दोघांना एकमेकांबद्दल वेळेवर सांगितलं गेलं नाही, एवढंच.

आता सासवड, जेजुरी, दिवे या रस्त्याने जाताना 'एअरपोर्टजवळ प्लॉट'च्या पाट्या बघा. प्लॉट विकणाऱ्याने उंचीच्या बंधनाबद्दल काही सांगितलेलं तुम्ही ऐकलंय? विमानतळांभोवतीच्या उंचीचे नियम २०१५ पासून लागू आहेत. त्यांत धावपट्टीबरोबर रडारसारख्या यंत्रणांभोवतीच्या मर्यादाही येतात. रडारची जागा ठरली की त्याच्याभोवतीच्या जमिनीचं भविष्यही थोडंफार ठरतं. ज्या शेतकऱ्याची जमीन विमानतळाच्या कुंपणात जात नाही, पण शेजारच्या टेकडीवर रडार येणार आहे, त्याला हे आज कळायला हवं. उद्या मुलासाठी दुसरा मजला चढवताना नाही.

एका डोंगराआडची दोन यंत्रं

रडारची जागा निवडणं सोपं नाही, हे पुण्याच्या भूगोलावरूनच कळेल. रडारची लहर जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. सपाट जमीन धरली आणि अँटेना २५ मीटर उंचीवर ठेवला, तर तीन हजार मीटर उंचीवरचं विमान सुमारे २४५ किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान उतरायला आलं आणि ३०० मीटरवर असलं, तर सुमारे ९० किलोमीटरवरून. हे सपाट जमिनीचं गणित. आपल्याकडे सपाट काय आहे? लोहगाव आणि पुरंदर यांच्यामध्ये दिवेघाटाची रांग आहे, पश्चिमेला सिंहगड, दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड. डोंगराच्या मागे रडारची सावली पडते. त्या सावलीतलं विमान पडद्यावर दिसत नाही. त्यामुळे लोहगावचं रडार पुरंदरला उतरणाऱ्या विमानाला शेवटपर्यंत पाहू शकेल का, हे कोणी अंदाजाने सांगू नये. प्रत्येक दिशेला डोंगर किती अंशांवर डोकं काढतो, ते मोजूनच ठरवावं लागतं.

आणि याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, नेमकं उलट काम करणारं यंत्र आहे. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. रडारला उघडी टेकडी आणि मोठा आवाज हवा असतो, या दुर्बिणीला डोंगरांचा आडोसा आणि शांतता. तिच्या एका पट्ट्यात १००० ते १४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी येतात. मघाचे १०३० आणि १०९० हे आकडे आठवतात? ते याच पट्ट्यात आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीमुळे बदलावा लागला. म्हणजे एखाद्या यंत्राची जागा आणि तिची गरज आधी माहीत असली, की बाकीचं नियोजन तिच्याभोवती वळवता येतं. पुरंदरच्या रडारला तोच मान मिळायला काय हरकत आहे?

खांब उभारला म्हणजे संपलं नाही

रडार बसवणं म्हणजे अँटेना आणून खांबावर चढवणं, असं वाटत असेल तर यादी ऐका. जागेची पाहणी. केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाकडून फ्रिक्वेन्सीची परवानगी. मनोरा, रस्ता, वीज, जनरेटर. रडारपासून नियंत्रण कक्षापर्यंत माहिती नेणारी एक नव्हे, दोन वेगळ्या वाटांनी जाणारी लाइन. मग जागेवरच्या चाचण्या. मग मोजमापाची यंत्रं लावलेलं खास विमान चारी बाजूंनी उडवून तपासणी. मग नियंत्रकांचं प्रशिक्षण. यातलं एक जरी राहिलं तरी बाकी सगळं शोभेचं.

दुसरी लाइन कशाला, असं विचाराल तर २८ एप्रिल २०२५ ची गोष्ट आहे. अमेरिकेत नेवार्क विमानतळाच्या परिसराचं नियंत्रण २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला हलवलं होतं आणि रडारचं चित्र लांबून लाइनवरून येत होतं. त्या दिवशी ते चित्र आणि रेडिओ दोन्ही सुमारे ९० सेकंद गेले. टक्कर झाली नाही. पण दीड मिनिट आंधळेपणाने बसलेल्या नियंत्रकांपैकी काही जण त्या धक्क्याने रजेवर गेले आणि पुढचे कित्येक दिवस शेकडो उड्डाणं रखडली. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत विमानांच्या उड्डाण-योजना पोचवणारी संदेशयंत्रणा बिघडली आणि ८०० हून जास्त उड्डाणांना उशीर झाला. रडार ठीक होतं, धावपट्टी ठीक होती. एक न दिसणारी कडी निसटली, एवढंच.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप तुमच्यातला टेकसॅव्ही मित्र घेईल. 'आता एडीएस-बी आहे ना, मग कोट्यवधींचं फिरतं लोखंड कशाला?' प्रश्न चांगला आहे. एडीएस-बी स्वस्त आहे, अचूक आहे, वापरायलाच हवं. पण ते विमानाच्या सांगण्यावर आणि जीपीएसवर अवलंबून असतं. जीपीएसला फसवता येतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये अडथळ्याच्या आणि फसवणुकीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. हा आकडा लोकसभेत दिला तो नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी, म्हणजे आपल्याच पुण्याच्या खासदारांनी. विमान खोटं सांगत असेल किंवा गप्प असेल, तेव्हा न विचारता बघणारा कोणीतरी लागतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. 'लोहगाव लष्करी तळ आहे, रडारची माहिती जाहीर कशी करणार?' लष्करी रडारची क्षमता कोणी विचारत नाही, विचारूही नये. पण नागरी विमानतळाच्या रडारचा मनोरा लपवून ठेवता येत नाही, तो गावातल्या प्रत्येकाला दिसणारच. अनेक विमानतळांभोवतीच्या उंचीचे रंगीत नकाशे आजही लोकांना बघता येतात. आपण मागतोय ती माहिती एवढीच: जागा कोणती, बंधन किती अंतरापर्यंत आणि किती उंचीचं, नियंत्रण कोणाकडे, आणि दोन विमानतळांची आकाशातली वाटणी कशी. एवढं सांगितल्याने देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही. न सांगितल्याने प्लॉट घेणाऱ्याची आणि उड्डाण करणाऱ्याची येऊ शकते.

तुमचं काम

ईअँडटीसीला असाल तर रडारचं रेंज इक्वेशन तुम्ही आठ मार्कांसाठी पाठ केलं असेल आणि पेपर झाल्यावर विसरला असाल. त्यातला तो 'आर'चा चौथा घात म्हणजे सोळापट क्षीण होणारा प्रतिध्वनी. यावर पोट भरणारी माणसं आहेत, आणि देशाला ती हवी आहेत. विमानतळ प्राधिकरण नियंत्रकाच्या पदासाठी फिजिक्स-मॅथ्स घेतलेले बीएस्सी आणि इंजिनीअर घेतं. रडारची देखभाल करणारे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनीअर वेगळे. कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत हे नाव नसतं म्हणून ते आपल्याला सुचतच नाही.

जिऑग्रफीला असाल तर दिवेघाटाच्या रांगेचा उंचीचा नकाशा काढून रडारची सावली कुठे कुठे पडते, हा एका सेमिस्टरचा उत्तम प्रोजेक्ट आहे. लॉला असाल तर २०१५ चे नियम वाचा. आणि काहीच नसाल, नुसते पुण्यात राहत असाल, तरी एक दरवाजा उघडा आहे. नव्या विमानतळाला पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे अहवाल वाचून कोणीही प्रश्न विचारू शकतो. जमिनीचे प्रश्न सात गावांतली माणसं विचारतीलच, त्यांना तो पहिला हक्क आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा आणि एक प्रश्न जास्तीचा विचारा: रडार कुठे बसणार, आणि पहिलं विमान उतरण्याआधी ते चालू असेल का?